माणूस हद्दीपार गेला, पण नस्ती कुठे आहे?

सरकारी कचेरीत एखादी खुर्ची मोडली तर ती उचलून फेकता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद असते. ती निरुपयोगी झाल्याचे कोणीतरी लिहून द्यावे लागते, त्यावर साहेबांची सही लागते, निर्लेखनाचा आदेश निघतो आणि मगच ती भंगारात जाते. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आमचे आयुष्य या नोंदींतच चालले आहे, म्हणून हे ठाऊक आहे. मोडक्या खुर्चीला जेवढी चौकशी मिळते तेवढी जिवंत माणसाला मिळत नसेल तर काय म्हणावे?

वाचक बंधू-भगिनींनो, जून २०२५ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथे राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना पोलिसांनी बांगलादेशी समजून उचलले. त्यांत मुर्शिदाबाद जिल्ह्यातला एक गवंडी होता. घरच्यांनी गावाहून कागद पाठविले. तरीही या मजुरांना सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करण्यात आले आणि अंधारात बांगलादेशच्या हद्दीत ढकलून देण्यात आले. पुढे पश्चिम बंगालच्या शासनाने आणि पोलिसांनी धावपळ केली, सीमेवरच्या दोन्ही दलांची बोलणी झाली आणि ही माणसे भारतात परत आली. परत आली याचा अर्थ ती इथलीच होती. मग पाठविली कोणत्या निकालाने? कोणत्या न्यायाधीशासमोर उभी केली होती? त्यांचे म्हणणे कोणत्या कागदावर लिहून घेतले होते?

ही बातमी आमच्या दरेकसाला पोचली तेव्हा इथली एक माउली विचारायला आली. तिचा मुलगा मुंबईकडे सेंटरिंगच्या कामावर आहे. "का जी भाऊ, माह्या पोराले बी धरून नेतीन का?" आम्ही तिला धीर दिला, पण तिची भीती वेडगळ म्हणून झटकून टाकता येण्यासारखी नाही. दरेकसा हे हद्दीवरचे गाव. रेल्वेने पुढचे स्टेशन बोरतलाव, ते छत्तीसगडात. इथल्या पोरांच्या तोंडी मराठी, हिंदी, छत्तीसगडी आणि गोंडी यांची मिसळ असते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत कान देऊन ऐका, चार राज्यांच्या बोली एकाच रांगेत ऐकू येतील. मुंबईच्या ठाण्यात हवालदाराने "कुठला रे तू?" म्हणून दरडावले आणि आमच्या पोराने "दरेकसा" म्हटले, तर त्या हवालदाराने हे नाव जन्मात ऐकलेले नसते. बोलीवरून आणि अंगावरच्या फाटक्या कपड्यांवरून माणसाचा देश ठरू लागला, तर आपल्या वस्तीतली निम्मी पोरे परदेशी ठरतील. बंगल्यात राहणाऱ्याला कोणी रात्री उठवून देश विचारीत नाही, हेही लक्षात असू द्या.

आमच्या रुळांवरून अशी एक गाडी पूर्वी गेलेली आहे. जुलै १९९८ ची गोष्ट. महाराष्ट्रात तेव्हा मनोहर जोशी यांचे युती सरकार होते. मुंबई पोलिसांनी जरीकाम करणाऱ्या बंगाली बोलणाऱ्या कारागिरांना बांगलादेशी म्हणून पकडले आणि पहाऱ्यात कुर्ला-हावडा एक्सप्रेसमध्ये बसविले. ती गाडी नागपूर, गोंदिया, सालेकसा करीत आमच्या दरेकसाच्या बोगद्यातून पूर्वेकडे जाते. त्या डब्यात कोण बसले आहे, हे इथल्या फलाटावरच्या माणसाला कसे कळावे? हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्टेशनावर मोठा जमाव जमला आणि त्याने या लोकांना पोलिसांच्या हातून सोडवून नेले. पश्चिम बंगालमध्ये ज्योती बसूंचे सरकार होते. बंगाली बोलणाऱ्या भारतीयांनाच बांगलादेशी ठरविले जात आहे, अशी तक्रार तिकडून झाली. खरे काय, खोटे काय, यावर दोन राज्ये भांडत राहिली.

जमावाने आरोपी सोडवून नेणे हे काही चांगले लक्षण नव्हे. आज सोडविणारा जमाव उद्या ठेचून मारणारा असू शकतो, आणि असा जमाव आपल्या समाजाने जवळून पाहिलेला आहे. पण डब्यातल्या प्रत्येक माणसाच्या नावाची स्वतंत्र नस्ती असती, त्यात त्याचा जबाब, त्याच्या गावाहून आलेले उत्तर आणि न्यायालयाचा आदेश असता, तर पोलिसांना ती उघडून दाखविता आली असती. ज्या कामाला कागदाचा आधार नसतो ते शेवटी लाठीच्या किंवा गर्दीच्या जोरावर जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. थोडे कंटाळवाणे वाटले तरी हा भाग घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी मोठ्याने वाचून दाखवावा.

राज्यघटनेच्या कलम १९ मधले अधिकार, म्हणजे बोलण्याचे, फिरण्याचे, कुठेही राहण्याचे, हे फक्त नागरिकांचे आहेत. कलम १४ आणि कलम २१ मात्र 'व्यक्ती' असा शब्द वापरतात. कायद्यापुढे समानता आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण या देशात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला आहे, मग तो परका का असेना. कलम २२ ही तसेच आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे, वकील करू द्यावा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे. यातून शत्रुराष्ट्राचा माणूस आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कैदी वगळलेला आहे. मीरा रोडचा गवंडी यांपैकी कोणीही नव्हता.

या कलमांमागचा इतिहास आपल्या घरात माहीत असलाच पाहिजे. मसुद्यात आधी 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' या अर्थाचे अमेरिकी घटनेतले शब्द होते. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला जाऊन तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले, आणि त्यानंतर ते शब्द गेले. त्यांच्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द आले. म्हणजे संसदेने जसा कायदा केला तशी पद्धत, मग ती न्यायाची असो वा नसो. अनेक सभासदांना हे खटकले. डिसेंबर १९४८ च्या चर्चेत बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके सभागृहापुढे मांडले होते. पुढे १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी १५-अ हे नवे कलम मांडले, तेच आजचे कलम २२. आधीच्या कलमात जे गेले त्याची भरपाई म्हणून हे आणत आहोत, असे त्यांनी सभागृहाला स्पष्ट सांगितले. २४ तासांची अट, वकिलाचा हक्क आणि कारण सांगण्याची सक्ती घटनेत आली ती या रस्त्याने. साधा कायदा संसद उद्या बदलू शकते, घटनेत घातलेली गोष्ट सहजी बदलता येत नाही, हा त्यातला हिशेब होता. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. गाळलेला अर्थ तीस वर्षांनी मागच्या दाराने परत आला.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. परदेशी माणसाला देशात ठेवायचे की पाठवायचे हे ठरविण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये तसे म्हटले आहे. परदेशी माणसाला जीविताचे संरक्षण आहे, इथेच वस्ती करण्याचा हक्क नाही. चोरून आलेल्याला परत पाठवू नका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कायद्यात आणखी एक अवघड गोष्ट आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच होता. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यातही तो भार तसाच आहे.

परंतु भार माझ्यावर असला तरी मला तो उचलायला वेळ नको का? परीक्षेला बसवायचे, पण पेपर हाती देण्याआधीच नापास म्हणून घंटा वाजवायची, असे कसे चालेल? जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच विचारले. कोणाचाही दरवाजा ठोठावून 'तू परदेशी आहेस, नसल्यास सिद्ध कर' असे सरकारला म्हणता येणार नाही, आधी संशयाला काही आधार हाती असला पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ. तो माणूस बारा वर्षे परदेशी म्हणून ठपका घेऊन जगला आणि अखेर भारतीय ठरला. कागदांतल्या तारखांचा आणि नावांच्या स्पेलिंगचा किरकोळ फरक त्याच्या विरोधात धरला गेला होता. नावाचे स्पेलिंग! आपल्या घरातल्या सातबारावर, शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर आजोबांचे नाव एकसारखे असेल अशी किती घरे सापडतील?

दिल्लीतले एक प्रकरण तर जिवावर बेतणारे होते. बीरभूम जिल्ह्यातले, भंगार वेचून पोट भरणारे एक कुटुंब. जून २०२५ मध्ये त्यांना पकडून काही दिवसांतच बांगलादेशात पाठविले. बाई गरोदर होती, सोबत लहान मुलगा. बांगलादेशच्या पोलिसांनी त्यांना भारतातून आलेले घुसखोर म्हणून तुरुंगात टाकले. इकडे बांगलादेशी, तिकडे भारतीय! केंद्रीय गृह खात्याच्याच २ मे २०२५ च्या पत्रात लिहिले होते की संशयिताच्या मूळ राज्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्यावी. कलकत्ता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी या घाईवर कडक ताशेरे ओढून हद्दपारीचा आदेश रद्द केला आणि कुटुंबाला परत आणायला सांगितले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये माणुसकीच्या मुद्द्यावर ती बाई आणि तिचा मुलगा परत आले. तीस दिवसांची चौकशी वाचविण्यासाठी एका गरोदर बाईचे सहा महिने गेले.

कोणी म्हणेल, हे सगळे बंगाली मुसलमानांचे, आपला काय संबंध? हा प्रश्न आम्हाला आपल्याच बैठकीत ऐकावा लागला, म्हणून लिहितो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातच पाहा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. अशा निर्वासितांत नमोशूद्र मोठ्या संख्येने आहेत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीची दारे बंद झाली तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या दलितांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठविले. फाळणीनंतर याच नमोशूद्रांची गावे पाकिस्तानात गेली आणि ते परागंदा झाले. ज्यांच्या मतांवर घटनाकार घटना समितीत गेले, त्यांच्याच नातवंडांना आज बोलीमुळे परके म्हणवून घेण्याची धास्ती बाळगावी लागते. याच तालुक्यात प्रतापगडच्या पायथ्याशी तिबेटी बांधवांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. कायद्याच्या नजरेत त्यांतले बहुतेक परदेशीच. नोंदणीचे प्रमाणपत्र घ्यायचे, ते मुदतीत नवे करायचे, या रीतीने ते पन्नास वर्षे राहत आले आहेत. परदेशी माणूसही नियमाने वागविता येतो, याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको.

आणि अरुणाचल प्रदेशातले चकमा? ते तर आपल्यासारखेच बौद्ध. पूर्व पाकिस्तानात काप्ताई धरणाखाली त्यांची शेते बुडाली, त्यात छळ सुरू झाला, म्हणून १९६४ पासून ते भारतात आले आणि सरकारनेच त्यांना तिकडे वसविले. १९९४ मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना ३० सप्टेंबरपर्यंत राज्य सोडा अशी धमकी दिली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे आणि कायद्याचा मार्ग सोडून चकमांना हुसकावता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. हे संरक्षण चकमांना बौद्ध म्हणून मिळालेले नाही, माणूस म्हणून मिळाले. तेव्हा त्याच संरक्षणातून बंगाली मुसलमान गवंड्याला वगळा असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरविले गेले. हातात बेड्या, पायांत साखळ्या. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. तेव्हा सगळ्या देशाला चीड आली आणि ती योग्यच होती. त्याच अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्हेनेझुएलाच्या लोकांच्या प्रकरणात सांगितले की बाहेर काढण्यापूर्वी नोटीस द्या आणि न्यायालयात जायला पुरेसा वेळ द्या. आपल्या माणसाच्या पायांतली साखळी पाहून आपल्याला जे वाटले, ते मुर्शिदाबादच्या म्हातारीलाही वाटले असेल.

आता त्या माउलीच्या पोराकडे येऊ, कारण दरेकसाहून दिवाळीनंतर बरीच मुले पुन्हा कामावर जातील.

पहिली गोष्ट, आधार कार्ड खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधारच्या कायद्यातच लिहिलेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी आपोआप नागरिक ठरत नाही. नागरिकत्व ठरते जन्मावरून. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक नागरिक असावा लागतो. त्यापुढे जन्मलेल्यांसाठी एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशी अट आहे. म्हणून मुलाच्या कागदांबरोबर आईबापाचे कागदही महत्त्वाचे. ज्यांची जन्मनोंद झालेलीच नाही त्यांनी उशिराच्या नोंदीसाठी आताच अर्ज करावा. मालेगावकडच्या गोंधळानंतर शासनाने २०२५ मध्ये हे नियम फार कडक केले आहेत, तेव्हा दलालाला पैसे देऊन दाखला काढण्याच्या नादी कोणी लागू नये.

या बाबतीत आपला समाज एका गोष्टीत पुढे आहे. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आपल्या कितीतरी घरांनी आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल पंजीची नक्कल, शाळेच्या दाखिल-खारिज रजिस्टरचा उतारा, जुने मिसल असे कागद तहसीलच्या पायऱ्या झिजवून काढून ठेवले आहेत. जातीसाठी काढलेला तो जीर्ण कागद याही कामी येतो. त्याची साक्षांकित प्रत मुलासोबत द्या, मूळ प्रत घरी पेटीत ठेवा. मूळ कागद ठेकेदाराच्या हाती कधीही देऊ नका. मोबाईलमध्ये फोटो काढून एखाद्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा, कारण धरल्यावर पहिला हात मोबाईललाच पडतो.

दुसरी गोष्ट, पोलिसांनी अडविले तर पळू नये, हुज्जत घालू नये. नाव, गाव, तालुका, जिल्हा, बापाचे नाव आणि पोलीस पाटलाचे नाव ठामपणे सांगावे. अटक केली असेल तर अटकेचा पंचनामा लिहावा लागतो आणि घरच्यांना कळवावे लागते. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून हे बंधन आहे आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. न वाचता कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये. दंडाधिकाऱ्यासमोर नेल्यावर तोंड उघडावे आणि "माझ्या गावाहून पडताळणी मागवा" एवढे तरी बोलावे.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. गावात निरोप आला की रडत बसू नये. ग्रामपंचायतीकडून रहिवासी दाखला, मुख्याध्यापकाकडून शाळेचा दाखला आणि सालेकसा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, या तीन गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले साहेब जेवून येईपर्यंत विसरलेले असतात, हे आम्ही आतल्या माणसाच्या अनुभवाने सांगतो. पडताळणीचे पत्र तिकडच्या ठाण्याला गेले का, हे जावक क्रमांकासह विचारावे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा त्याचा फोन क्रमांक. ज्या जिल्ह्यात मुलगा धरला गेला आहे तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नाव घेऊन बोलावे.

आम्ही त्या माउलीला हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "कोतवाल पंजीत आमच्या सासऱ्याचं नाव वेगळं लिवलं हाय, मंग कसं?" तिचा सासरा शाळेत गेला नव्हता. नाव सांगणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र, गावातल्या दोन वयस्क माणसांचे जबाब आणि पोलीस पाटलाचा दाखला, असे सगळे जोडून तिचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. तहसीलची आवक पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.